अर्धवट गोधडी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून फराळाच्या डब्यांबरोबर बऱ्याच घरांत एक अर्धी शिवलेली गोधडीही खाली उतरते. ती पुन्हा वर न टाकता पुरी करावी, असं मला वाटतं, आणि त्यामागे भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे. गोधडीतलं खरं अवघड काम म्हणजे जुनी लुगडी, धोतरं एकावर एक सुरकुती न पडता अंथरणं आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घेणं. ते झालेलंच असतं. उरतो तो धावदोरा. शिवाय नुसतं ठेवून कापड काही टिकत नाही. घडीवर ते विरतं, टाके सैलावतात, थर सरकतात.

कुणी म्हणेल, इतक्या काळाने टाका जुळायचा नाही. नकोच जुळायला! एका गोधडीवर सासू, जावा, शेजारणी बसायच्या, प्रत्येकीचा टाका निराळा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून आत, मध्याकडे शिवत नेतात. तिथेही ओळी वाकड्यातिकड्याच, आणि देखण्या. बाजारात पातळ ब्लँकेट स्वस्त मिळतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण सुती गोधडीला घाम टिपता येतो, आणि तिचं कापड घरातच पडून आहे. वेळेचं म्हणाल, तर लक्ष्मीपूजनाची मुदत तिला लागूच नाही. खरी थंडी त्यानंतरची.

मात्र आधी कापड दोन्ही हातांनी ताणून पाहा. टरकन फाटलं, तर ते पुढच्या गोधडीच्या पोटात भरा.