सात वाजताची तलफ

संध्याकाळी सातला वैशाली मेट्रो स्टेशनवर उतरलो की पाय आपसूक ठेक्याकडे वळायचे. दिल्लीकडे दारूच्या दुकानाला ठेकाच म्हणतात. अकरा वर्षं हे चाललं. शेवटी बायको मला गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात घेऊन गेली. एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र तिथे आहे.

दाखल झालो तेव्हा हातात चहाचा कप ठरत नव्हता. त्या दिवसांत व्यायामाचं नावही कुणी काढलं नाही, आणि ते योग्यच होतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे औषधच लागतं.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सात वाजले की तोंडाला कोरड पडायची, छातीत धडधड व्हायची, घरातल्यांवर उगाच राग निघायचा. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, तलफ चढते तशी उतरतेही. बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ अंगाला काम द्या.

मग सोसायटीच्या बागेला झपाझप फेऱ्या मारायला लागलो. पहिल्या फेरीत डोक्यात फक्त बाटली असायची. दुसऱ्या फेरीत दम लागायचा, पोटऱ्या भरून यायच्या. तिसऱ्या फेरीच्या सुमारास मन श्वासाकडे वळायचं. चौथी संपवून बाकावर बसलो की शर्ट घामानं भिजलेला असे आणि भूक लागलेली असे. अकरा वर्षांत संध्याकाळची भूक मला आठवत नव्हती. रोज असं घडायचं नाही. काही दिवस नऊ फेऱ्या माराव्या लागल्या.

नोव्हेंबरात हवा विषारी झाली, प्रदूषणाचा निर्देशांक चारशेच्या वर गेला. बाहेर धावपळ करणं धोक्याचं होतं. तेव्हा आजोबा आठवले. ते औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथे राजेसाहेबांनी सूर्यनमस्कार मुलांच्या अंगवळणी पाडले होते. खिडक्या लावून मी बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली. पहिल्या दिवशी पाचच झाले. बायकोनं घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर लावलं. सात वाजायच्या आधीच ती म्हणायची, "अहो, सतरंजी घातलीय."

फेब्रुवारीत एका लग्नात मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी लाजत ओपीडीच्या रांगेत उभा राहिलो. कुणी बोल लावला नाही. औषध, समुपदेशन आणि चालणं, तिन्ही पुन्हा सुरू झाली.

व्यायामावर सगळा भार टाकू नये, हे मला पटलंय. व्यायामानं तलफ उतरते का, यावर संशोधन सर्वांत जास्त झालंय ते सिगारेटच्या बाबतीत. दहा-पंधरा मिनिटं झपाझप चाललं तर सिगारेटची तलफ तेवढ्यापुरती नक्की उतरते. पण नुसत्या व्यायामानं सिगारेट कायमची सुटते, असं सिद्ध झालेलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सातचा तो अर्धा तास मला व्यायामानं पार करून दिला. बाकीचं काम औषधानं आणि माणसांनी केलं.

तुमच्या घरात कुणी या फेऱ्यात अडकलं असेल तर १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावर आजच फोन करा. आणि रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका दिवसात तोडू नका.