पोथीसाठी घेतलेला कॉम्प्युटर



मागच्या श्रुतपंचमीला माहेरी, अकोल्याला, आजोबांच्या शास्त्रांची पेटी उघडली. वेष्टन सोडताच एका पोथीचे कोपरे हातात तुटून आले. मधे शाईनं कागद खाल्लेला, कडांना कसरीनं. कडुलिंबाचा पाला आपण ठेवतो, वेष्टन घट्ट बांधतो, पण कीड मारायचं औषध शास्त्राजवळ कसं घालणार? आई म्हणाली, "तुझ्याजवळ कॅमेरा आहे ना? फोटो काढून ठेव. पुढच्या वर्षी ही उघडता येईल की नाही, काय सांगावं."

१५० पत्रं, दोन्ही बाजू मिळून ३०० फोटो. दोन दिवसांत काढून झाले. खरी परीक्षा अमरावतीला घरी आल्यावर सुरू झाली.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग, आणि फिकी शाई उठून दिसावी म्हणून १६ बिटची टिफ फाईल केली तर प्रत्येक रंगाला दोन बाइट. गुणाकार केला तर एक फोटो १४४ एमबी, आणि सगळी पोथी ४३ जीबी! जेपीजी लहान होते, पण जागा वाचवताना ती बारीक तपशील टाकून देते. व्हॉट्सॲपवर पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही.

माझा जुना लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. दोन पत्रं एकदम उघडली की तो दम टाकायचा. एका संध्याकाळी फाईल सेव्ह होण्याची वाट बघत बसले आणि सूर्यास्त होऊन गेला. जेवण राहिलं ते राहिलंच. त्यावर लाईन गेली, लॅपटॉपची थकलेली बॅटरी क्षणात बसली आणि दुपारभराचं काम पाण्यात गेलं.

डेस्कटॉप घ्यायचा म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, परिग्रहाचं परिमाण घेतलं ना आपण? लॅपटॉप आहे, मोबाईल आहे. आता आणखी एक डबा?"

मला राग आला, खरं सांगते. पण रात्री सामायिकानंतर तोच प्रश्न मनात घोळत राहिला, आणि सकाळी त्याच प्रश्नाची यादी केली: या कामाला नेमकं किती लागतं?

दुकानदारानं आधी रंगीत दिव्यांचं, महागड्या ग्राफिक्स कार्डाचं मशीन दाखवलं. ते खेळांसाठी. साध्या फोटोकामाला त्याची गरज कमी, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. वाचलेले पैसे मी ३२ जीबी रॅमकडे वळवले, कारण मोठी फाईल उघडली की ती रॅममध्येच मांडली जाते. ओटा लहान असला की परातीवर परात ठेवावी लागते, तसंच हे. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, आणि जपणुकीसाठी साध्या हार्ड डिस्क दोन: एक माझ्याकडे, एक अकोल्याला आईकडे. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर त्या दोन प्रती म्हणायच्याच नाहीत. स्क्रीन आयपीएस, एसआरजीबी रंग पूर्ण दाखवणारा, नाहीतर कागदाचा पिवळेपणा खरा की स्क्रीनचा, हेच कळत नाही. सोबत यूपीएस, आणि आपल्या वऱ्हाडातलं ऊन बघून हवा खेळती राहील असा कॅबिनेट. लॅपटॉप पाठशाळेला दिला, म्हणजे परिमाणही मोडलं नाही.

प्रतींचं महत्त्व अमरावतीच्या बाईला वेगळं सांगायला नको. षट्खंडागमाची ताडपत्रं मूडबिद्रीला. पण हातानं उतरवलेल्या प्रती बाहेर आल्या, म्हणून डॉ. हिरालाल जैन इथे किंग एडवर्ड कॉलेजात शिकवत असताना त्याचं संपादन करू शकले. धवला टीकेसह पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहूनच निघाला. पुढे १६ भाग झाले. कारंज्याच्या भांडारातल्या अपभ्रंश पोथ्याही त्यांनीच छापून लोकांसमोर आणल्या. आणि दहाव्या शतकातली अत्तिमब्बे? तिनं पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, असं परंपरा सांगते. श्रुतदान हे बायकांचं जुनं काम आहे.

मागच्या आठवड्यात शेवटचं पत्र स्क्रीनवर मोठं केलं. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे पोथी वाचवत नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागल्या. शेवटच्या ओळींत लिहवून घेणारीचं नाव होतं. एका श्राविकेनं व्रताच्या उद्यापनाला ही पोथी दान दिली होती. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. आईला फोन लावला, तर ती बराच वेळ बोललीच नाही.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला जुन्या सुती साडीचं झाकण शिवलं. "धूळ बसते गं," एवढंच म्हणाल्या.

तुमच्या घरी पेटी असेल तर या श्रुतपंचमीला उघडून बघा. फोटो मोबाईलनं काढले तरी चालतील, पण शेवटचं पत्र आधी काढा.