दादाची संध्याकाळ

दादा आता दारू पीत नाही, पण दिवेलागण झाली की त्याचे हात अस्वस्थ होतात. मग तो लसूण सोलायला बसतो. नखाने साल अलगद सुटते, पाकळी अखंड राहते. मी बघत राहते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थरथर थांबली, झोप लागू लागली. पण ही रिकामी वेळ कुठली गोळी भरणार? 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करणाऱ्या डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी योगासनं, संगीत, गप्पा, घरच्यांचं समुपदेशन हे सगळं उपचारातच का धरलं, ते आता उमगतं. वहिनी अजून त्याच्याशी मोजकंच बोलते. तिलाही बरं व्हायचंय. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर दारू सोडणाऱ्याच्या बायकोचीही आवर्जून चौकशी करा.