हवेतला तो ०.०३

वर्ध्याच्या आमच्या शाळेत हवेचे घटक पाढ्यांसारखे घोकून घेत. नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१, आरगॉन ०.९ आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइड ०.०३. कोणत्या वर्षीची ही हवा, हे पुस्तकात लिहिलेलं नसे आणि कुणी विचारतही नसे. मे महिन्यात वर्धा भट्टीसारखं तापायचं, पण तो उन्हाचा दोष. हवा मात्र कायमची, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आमचा तो आकडा तेव्हा शास्त्रज्ञांच्याही टेबलावर होता. १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी हवेचा एकच उभा स्तंभ गणितात मांडला. त्यात कार्बन डायऑक्साइड धरला दहा लाखांत ३०० भाग (पीपीएम), म्हणजे आमचाच ०.०३. तो ६०० केल्यावर जमिनीजवळचं तापमान सुमारे २.३ अंशांनी चढलं. त्या गणिताचा मान पुढे २०२१ च्या नोबेलपर्यंत गेला.

आता माझी पुतणी हेच काम करते, हवामानाची गणिती मॉडेलं चालवते. सुट्टीत घरी आली की लॅपटॉपवरून दूरच्या महासंगणकाला जोडून बसते. मॉडेलमध्ये हवा भरायची कशी, असं मी विचारलं तर तिचा पहिला प्रश्न, "काका, कोणत्या वर्षाची?"

१८५० ची हवी असेल तर कार्बन डायऑक्साइड २८४ पीपीएम. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड त्याहून विरळ, म्हणून ते अब्जांत मोजायचे: ८०८ आणि २७३. ही हवा गोठवून मॉडेल शेकडो वर्षं चालवतात, आपोआप किती हेलकावे येतात ते बघायला. त्यानंतरच्या काळासाठी तयार तक्ते मिळतात: ४३ वायू, महिन्यागणिक, अक्षांशागणिक. उत्तरेकडची जंगलं उन्हाळ्यात कार्बन ओढून घेतात, म्हणून महिनाही लागतो. एवढे वायू मॉडेलला झेपत नसतील, तर किरकोळ वायूंचा परिणाम एखाद्या सीएफसी वायूच्या हिशेबात मिसळून देतात. पाण्याची वाफ मात्र कुणी भरत नाही. ती समुद्रातून, जमिनीतून मॉडेल स्वतःच उचलतं, आणि म्हणून वरचे सगळे आकडे कोरड्या हवेचे.

तिनं मला एक जागा दाखवली, ती फार लक्षात राहिली. वायूचं प्रमाण रेणूंनी मोजायचं की वजनानं? कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४४, हवेचा सरासरी २९. त्यामुळे १८५० चे २८४ वजनाच्या हिशेबात जवळजवळ ४३२ होतात. तो आकडा रेणूंच्या रकान्यात पडला तर मॉडेल तक्रार न करता दीडशेहून जास्त वर्षं पुढे उडी मारतं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेची २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर होती! आणि मंगळाची हवा भरायची तर टक्केवारीनं काहीच भागत नाही. तिथे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पण दाब आपल्या शंभराव्या भागाहूनही कमी. दाब आधी सांगावा लागतो.

हे काम आता परदेशापुरतं राहिलेलं नाही, याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आयआयटीएम-ईएसएम हे देशातलं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल सीएमआयपी-६ या मॉडेलांच्या जागतिक तुलनेत उतरलं. हवेचे नमुनेही इथून घेतले गेले: गोव्याच्या काब द राम या समुद्रकाठच्या जागी १९९३ ते २००२ या काळात समुद्रावरून येणारी हवा बाटल्यांत भरून तपासली गेली.

पण मला आठवते ती वर्ध्याचीच मगनवाडी. शाळेतून तिथल्या मगन संग्रहालयात नेत, तेव्हा आम्ही चरखे आणि घाणी बघून परत यायचो. इथे ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा संपत्तीचे दोन प्रकार करत: कोळसा-पेट्रोलसारखी साठ्यातली, आणि जंगल, वाहतं पाणी अशी पुन्हा पुन्हा भरून येणारी. पुतणीच्या कार्बनच्या हिशेबातही हीच फाळणी आहे. पऱ्हाटीच्या धुरातला कार्बन गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला असतो, कोळशातला कोट्यवधी वर्षं गाडलेला. हवेला २८४ वरून ४२४ वर नेलं ते मुख्यतः या साठ्यानं.

तिच्या फोल्डरमध्ये २१०० सालच्या संभाव्य हवेच्याही फाइली आहेत. एकीत ३९४ पीपीएम, दुसरीत ११३५, मध्ये आणखी काही. तिला सगळ्याच चालवाव्या लागतात. वर्ध्याचा मे महिना मात्र आधी ३९४ च्या हवेतला काढून दाखव, एवढा हट्ट मी धरतो.