बाळसे की वजन?

"पालकांच्या पानासाठी या वेळी तुम्ही लिहा," असे बाईंनी सांगितले आणि मी हो म्हणून बसले. विषय शोधावा लागला नाही. आपल्या वर्गाची मधली सुट्टी झाली, डबे उघडले, की आपण पालक त्याच विषयावर येतो. कोणाचे मूल खात नाही, तर कोणाचे फार खाते.

मार्च २०२४ मध्ये आमच्या धाकटीच्या शाळेतून पत्र आले. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून रिसेप्शनच्या आणि इयर सिक्सच्या मुलांची उंची-वजने शाळेत मोजतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. उंचीच्या आणि वयाच्या मानाने मुलीचे वजन जास्त आहे, असे पत्रात होते. तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना पत्र वाचून दाखवले तर म्हणाल्या, "वजन कसलं? बाळसं आहे ते! मोजून मोजून दृष्ट लावली पोरीला." आणि खरोखरच त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

मी मात्र घाबरले. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. दुसऱ्यांदा भात बंद. सासूबाई हळूच एक घास काऊचा, एक घास चिऊचा भरवत, आणि मी "पुरे आता" म्हणून ताट उचलत असे. थोड्याच दिवसांत लेक माझ्या तोंडाकडे बघून घास घेऊ लागली. एका वाढदिवसाला ती केकपासून हलेचना. मग एके दिवशी चादर बदलताना तिच्या उशीखाली अर्धा बेसनाचा लाडू सापडला. (खुर्चीवर स्टूल ठेवून काढला होता, हे नंतर कळले!) रागावणार होते, पण रडूच आले.

तो लाडू मी सासूबाईंना दाखवला. त्या हसतील असे वाटले होते. त्या गप्प झाल्या आणि १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलू लागल्या. माहेर माण तालुक्यात, वय आठ. आईवडील खडी फोडायला जात. मिळालेली सुकडी आधी धाकट्या भावाला. "त्याच्या बरगड्या मोजता यायच्या गं. अजून बारीक पोर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो."

माझ्या पोटातला गोळा वेगळा होता. मी रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहते. त्याच आठवड्यात लेक माझ्या आधी काट्यावर चढली, आकड्याकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाली, "आज मी जेवणार नाही." पाच वर्षांची मुलगी! तिला आकडे शंभरापर्यंतही नीट येत नव्हते.

मग थोडे वाचले. समोर दिसतो पण खायला मिळत नाही, तोच खाऊ मुलांना जास्त हवासा होतो, असे जेनिफर फिशर आणि लिअन बर्च या अमेरिकन संशोधिकांनी १९९९ मध्येच दाखवले होते. आणि पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपली बाळे सरासरी २.७ किलो, इथली ३.५. पण आपल्या त्या किरकोळ बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे "वाळलीय" म्हणून जास्त तूप वाढणारी आपली नजरही फसतेच की!

मग आम्ही एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी घरात आणली. काय, केव्हा आणि कुठे खायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, किती ते मुलाने. ऐकायला सोपे आहे. पण पहिल्या दिवशी लेकीने तीन वेळा भात घेतला तेव्हा मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या आठवड्यात तिने अर्धी पोळी टाकली, तेव्हा सासूबाईंची तीच गत! पण दोघींनी शब्द पाळला. वजनकाटा मी माळ्यावर टाकला. कधीतरी चढून बघावेसे वाटते, खोटे कशाला सांगू?

तिचे वजन आता किती, ते मोजलेले नाही. इयर सिक्समध्ये पुन्हा पत्र येईल तेव्हा पाहू. लाडवांचा डबा खालच्या फळीवर आला आहे. परवा तिने एक लाडू घेतला, अर्धा खाल्ला, "पोट भरलं" म्हणाली आणि उरलेला डब्यात परत ठेवून दिला. उष्टा! साताऱ्याला फोन करून सांगितले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग सगळा डबाच उष्टा झाला की!"