जुन्नरच्या पोढी

वैशाखात आम्ही मुलाबाळांसह जुन्नरची लेणी पाहायला गेलो. पायऱ्या चढून घशाला कोरड पडली, तोच लेण्याशेजारी कातळात कोरलेले पाण्याचे टाके दिसले. जुन्नरच्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याचा लेखही येथे आहे. लेणे कोरून देणे जसे पुण्याचे, तसेच पाणी साठवून देणेही! अशा टाक्याचे तोंड लहान, पोट मोठे. त्यामुळे उन्हाने पाणी कमी आटते. चार महिन्यांच्या पावसावर भिक्खू संघाने वर्ष काढायचे, हा हिशेब सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

तेथून आम्ही शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणावर गेलो. या धरणात जुने आंबेगाव गाव बुडाले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते. पश्चिमेच्या डोंगरातील आदिवासी आयाबहिणी मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन झऱ्यावर बसतात. याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात दरड कोसळून माळीण गाव गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली.

हवामान बदलाने पावसाची रीत बिघडते आहे : थोड्या दिवसांत धो धो, मग लांबलचक ओढ. म्हणून मोठ्या धरणांबरोबर वाडीवाडीला टाकी हवीत, झऱ्यांची राखण हवी. आणि डोंगराचा उतार पारखल्याशिवाय खोदकाम नको. ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो, पाण्याचा पहिला घोट त्यांचा. मुलांनो, लेणी पाहाल तेव्हा पोढीतही डोकावून पाहा.