हरणांचे बेट आणि आबांचा साचा

मला इंग्रजी मुळाक्षरे प्रथम शिकविली ती माझ्या आजोबांनी. घरात आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. आबांचे शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत झाले आणि तिथे इंग्रजी नव्हते. ते इंग्रजी शिकले मुंबईच्या गिरणीत. रिंग खात्यात वीस वर्षे ते साच्यावर उभे होते. साच्याच्या तोंडाशी बिडाच्या चौकटीवर तो तयार करणाऱ्यांचे नाव ओतीव अक्षरांत होते. साचा पुसताना त्या अक्षरांच्या कडेला बसलेला कापूस आबा बोटाने काढीत. बोट फिरून फिरून अक्षरे हाताला पाठ झाली. मग कधीतरी जॉबरने ती वाचून दाखविली : हॉवर्ड, बुलो, अ‍ॅक्रिंग्टन.

मी पहिलीत असताना आबांनी हीच अक्षरे मला पाटीवर गिरवायला दिली. आबांच्या इंग्रजीत 'एम' नव्हता, 'एस' नव्हता, 'के' नव्हता, कारण ती अक्षरे त्या साच्यावर नव्हती. ती मला पुढे शाळेत भेटली.

यंदा इतिहासाच्या सरांनी औद्योगिक क्रांतीवर टिपण लिहून आणायला सांगितले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ग्रंथालयात जायचे म्हटले की अजूनही छातीत धडधडते. इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून मी वाचीत होते. एका पानावर स्कॉटलंडच्या एका बेटाचे चित्र होते. समुद्राकाठी तांबड्या दगडाचा वाडा, मागे उघडेबोडके डोंगर. चित्राखालच्या मजकुरात मालकाचे नाव होते आणि ते मी शब्दकोशाशिवाय वाचले. बुलो! अ‍ॅक्रिंग्टनचे कापडगिरण्यांची यंत्रे बनविणारे बुलो! भर ग्रंथालयात मी ते नाव बोटाने गिरवले. निबंध बाजूला राहिला आणि मी त्या बेटावर जाऊन पोहोचले.

बेटाचे नाव रम. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १०० चौरस किलोमीटरचा हा मुलूख. एके काळी तिथे वाड्या होत्या, शेते होती. १८२६ साली तिथल्या सुमारे ३०० माणसांना जहाजांत बसवून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला धाडण्यात आले. कारण जमीनमालकाला तिथे मेंढ्या पाळायच्या होत्या. पुढे मेंढ्यांतला फायदाही आटला. बेटावरची मूळची हरणे कधीच संपली होती, म्हणून १८४५ मध्ये नव्याने हरणे आणून सोडली. माणसे गेली, मेंढ्या आल्या. मग हरणे आली आणि हरणांमागून शिकारी आले.

१८८८ साली हे बेट जॉन बुलोने विकत घेतले. त्याचा बाप जेम्स हा लहानपणापासून हातमागावर बसलेला विणकर. डोक्याने तल्लख, मागांत सुधारणा करीत वर चढलेला. जॉनचा मुलगा जॉर्ज. त्याने १८९७ साली किनलॉकचा तो तांबडा वाडा बांधायला काढला. दगड बेटाबाहेरून आणला. भोवताली बाग केली, द्राक्षांसाठी काचेची घरे केली आणि ओढ्याच्या पाण्यावर वीज खेळविली. १९०३ मध्ये त्याचे मोनिकाशी लग्न झाले. हे नवराबायको पाहुण्यांसह शिकारीच्या हंगामात काही आठवडे येत. उरलेले वर्ष नोकरमाणसे त्या आठवड्यांची वाट पाहत वाडा झाडीत असत.

विणकराच्या घराण्याने तिसऱ्या पिढीत वाडा बांधला. साच्यावरच्या कामगाराच्या घराण्यात तिसऱ्या पिढीत मी कॉलेजात आले. हिशोब कुठे जुळतो, कुठे जुळत नाही, हे मी बराच वेळ पाहत बसले.

तिथल्या शिकारीची रीतही मी वाचून काढली. आपल्याकडच्या शिकारकथांत मचाण असते, हाकारे असतात. त्या डोंगरांवर झाडच नाही, मग मचाण कुठले? तिथे शिकाऱ्याला हरणाकडे जावे लागते, तेही त्याला न कळता. बरोबर रानाचा माहीतगार असतो. तो दुर्बिणीने डोंगर निरखतो आणि वारा कुठून येतो ते पाहतो. वारा फिरला आणि माणसाचा वास गेला की कळप उधळलाच. म्हणून वाऱ्याच्या तोंडाने मोठा वळसा घ्यायचा, ओढ्यातून वाकून चालायचे आणि शेवटी चिखलातून पोटावर सरपटायचे. सारा दिवस असा घालवून शंभर-दीडशे मीटरवरून एक गोळी झाडायची. रमवर मेलेले हरीण तट्टाच्या पाठीवर घालून खाली आणीत.

शिंगे मिरवणाऱ्या नरांची शिकार शरदात होते. त्यांची मस्तके वाड्याच्या भिंतींवर लागली. हिवाळा मात्र माद्यांचा. आजही स्कॉटलंडमध्ये हरिणींच्या शिकारीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा आहे. मादीला शिंगे नसतात, भिंतीवर लावायला काही मिळत नाही, म्हणून ही शिकार पुष्कळ स्वस्त पडते. आता सर नाहीत, लेडी नाहीत. साधी नोकरीपेशाची जोडपीही थोडे पैसे साठवून बोटीने अशा दूरच्या बेटांवर जातात.

असे एक जोडपे मी मनात उभे केले. डिसेंबरचा दिवस, उजेड जेमतेम सात तासांचा. अंगावरचे कपडे भिजलेले, बोटे बधिर झालेली. नवरा मागे थांबला आहे आणि बायको माहीतगाराच्या शेजारी पालथी पडली आहे. समोर हरिणी, आणि तिच्या बाजूला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जन्मलेले पाडस. ती गोळी झाडते. हरिणी कोसळते. कळप पळतो, पण पाडस थोडे धावून थांबते आणि मागे वळून पाहते. माहीतगार हलकेच म्हणतो, "आता तेही."

इथे माझे वाचन थांबले. पुस्तक मिटून ठेवले. केवढा हा दुष्टपणा!

दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडले. त्या देशात लांडगे कधीच संपले. हरणांना खाणारे कोणी उरले नाही. कळप वाढतात, रोपे खुरटून टाकतात, झाड वर येऊ देत नाहीत आणि हिवाळा सरता सरता उपाशी मरतात. म्हणून माणसांनी दरसाल ठराविक हरणे कमी करायची असे ठरले. आई मारली तर पाडसही मारायचे, ही त्यांची शिस्त. आईवाचून ते त्या थंडीत टिकत नाही, झुरून झुरून मरते. शिस्त मला समजली. तरी मागे वळून पाहणारे पाडस डोळ्यांसमोरून हलेना.

शनिवारी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. आबा ओटीवर बसले होते. मी त्यांना सारे सांगितले, बुलोसाहेबाचा वाडा, काचघरातली द्राक्षे, सगळे. बेटाचे नाव ऐकून ते हसले, "रम? मग साहेबाला शोभलं!" वाड्याचा त्यांना राग आला नाही. "साचा चांगला होता त्याचा," एवढेच म्हणाले. मग हिवाळी शिकारीची गोष्ट ऐकताना ते पुढे सरकून बसले.

"आणि पाडस?"

मी सांगितले.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मागं राहतंय त्याचाबी हिशोब धरत्यात."

त्यांच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबांचा साचा त्या दिवशी थांबला तो त्यांच्यासाठी कायमचाच. गावी परतले तेव्हा माझे वडील अकरा वर्षांचे, सहावीत होते. पुढच्या जूनमध्ये ते शाळेत गेले नाहीत, वीटभट्टीवर गेले. त्यांचा हिशोब कोणीच धरला नव्हता. घरात हे कधी बोलले जात नाही. त्या संध्याकाळीही बोलले गेले नाही. वडील अंगणात म्हशीला वैरण टाकीत होते.

मग मी आबांना पुढची हकिगत सांगितली. जॉर्ज १९३९ साली वारला. मोनिकाबाईंनी १९५७ मध्ये बेट सरकारी निसर्गसंस्थेच्या हवाली केले. वाड्याची आता पडझड झाली आहे. पण बेटाच्या उत्तरेला किल्मोरी म्हणून एक खोरे आहे. तिथे १९५३ पासून हरणांचा अभ्यास चालू आहे. तिथली हरणे अभ्यासक एकेक करून ओळखतात. कोण कोणाची लेक, कधी जन्मली, तिला पाडसे किती झाली, ती कोणत्या हिवाळ्यात गेली, सगळे वहीत लिहिलेले असते.

"सगळ्या हरणांचं?" आबांनी विचारले.

"त्या खोऱ्यातल्या सगळ्यांचं."

आबा म्हणाले, "माझा तिकीट नंबर दोनशे चौदा होता." आणि उगाचच हसले.

अंधार पडला तशी मी दिवा लावला. आबांनी कोनाड्यातून माझी जुनी पाटी काढायला सांगितली. "त्या बेटाचं नाव लिव्हून दाखीव इंग्रजीत," मी म्हणाले, "तुम्हीच लिहा, आबा. तीनच अक्षरं आहेत. र-म."

आबांनी 'आर' काढला, तो हॉवर्डमधला. 'यू' काढला, तो बुलोमधला. आणि पेन्सिल पाटीवरच थांबली.

"पुढचं आमच्या साच्यावर नव्हतं," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. वीस वर्षे सूत सांधलेली ती बोटे अजून खरखरीत आहेत. आम्ही दोघांनी मिळून 'एम' काढला. पहिल्यांदा वाकडा आला. आबांनी तो पुसला आणि पुन्हा काढला.

— द्वितीय वर्ष, कला